बाहेर उघडणारं दार

"दार उघडता कामा नये," वल्लरीमॅडम म्हणाल्या. "ते लॉक्ड असणं हाच तर पॉइंट आहे, मावशी. बाकी थोडं इकडंतिकडं झालं तरी चालेल."

बाकी इकडंतिकडं झालेलं अजिबात चालणार नव्हतं, हे मला माहीत होतं. या बायकांना समोर सगळं चालतं. घरी पोचल्या की मग फोटोवर लाल गोल काढून पाठवतात.

मी शाळेचे प्रोजेक्ट करून देते. पुण्यात हा धंदा आहे आणि बरा चालतो. शाळा मुलांना सांगते, घरी स्वतः करून आणा. मुलं आयांना सांगतात, आया मला सांगतात. मग मी केलेला ज्वालामुखी आणि मी केलेली पचनसंस्था मुलं वर्गात नेतात, आणि बाई विचारतात, कुणाची मदत तर घेतली नाही ना? मुलं नाही म्हणतात. इतक्या लहान वयात इतकं सरळ तोंड ठेवून खोटं बोलता येणं, हेही शिक्षणच म्हणायचं. शनिवार पेठेत एका स्टेशनरीच्या दुकानाच्या जिन्याखाली माझी जागा आहे. पूर्वी थर्मोकोल कापायची, त्यावर बंदी आली, तेव्हापासून सनबोर्ड आणि पुठ्ठा. चिकटवायला ग्लू गन. तिच्या गरम गोंदानं माझ्या उजव्या हाताच्या बोटांची टोकं इतक्या वेळा भाजली आहेत, की आता तिथं काही लागत नाही. सुई टोचली तरी रक्त दिसल्यावर कळतं.

वल्लरीमॅडम खराडीच्या. स्वतः आयटीत, मुलगी अमेरिकन पद्धतीच्या शाळेत सहावीला. प्रदर्शनाचा विषय होता, कारखान्यांच्या काळातल्या शोधांनी आणि सुधारणांनी अमेरिकेतलं रोजचं जगणं कसं बदललं. मुळा-मुठेच्या काठी बसून हे शिकायचं. त्या महिन्यात मी जवळजवळ अख्खी अमेरिका पुठ्ठ्यात केली. विजेचा दिवा केला, टेलिफोन केला, उंच इमारतीतली लिफ्ट केली, शिलाई मशीन तर तीन जणांसाठी केलं. चांगले विषय आधीच लोकांनी पटकावले होते. मॅडमच्या मुलीच्या वाट्याला सुधारणा आल्या होत्या.

"आता सुधारणेचं मॉडेल कसं करायचं सांगा!" मॅडम वैतागल्या होत्या. मग त्यांनीच शोधून शोधून एक आग काढली.

न्यू यॉर्कमधली, एकोणीसशे अकरा सालची. उंच इमारत, वरच्या मजल्यांवर बायकांचे ब्लाउज शिवायचा कारखाना. शिवणाऱ्या बहुतेक पोरीच, कुठून कुठून दूरदेशांतून पोट भरायला आलेल्या. काम सुटायच्या वेळेला टेबलांखालच्या कापडाच्या तुकड्यांनी पेट घेतला. जिन्याचं एक दार मालकांनी कुलूपबंद ठेवलेलं, का, तर पोरी कापड चोरून नेतील. म्हणजे सगळ्यांनी दुसऱ्या दारानं जायचं आणि जाताना पिशव्या उघडून दाखवायच्या. बंबाच्या शिड्या वरपर्यंत पोचल्या नाहीत. एकशे सेहेचाळीस जीव गेले. मॅडम मोबाइलवरून वाचत होत्या आणि मी पेन्सिलीनं खिडक्या आखत होते. धुरात समोरचं दिसत नव्हतं, पोरी दार चाचपत होत्या, असं त्यांनी वाचलं, तेव्हा माझी रेघ वाकडी गेली.

"मग चौकशी झाली आणि कायदे आले," मॅडम म्हणाल्या. "दारं बाहेरच्या बाजूला उघडली पाहिजेत, कामाच्या वेळात कुलूप लावायचं नाही, वगैरे. तर आपलं मॉडेल असं हवं, एक बटण दाबलं की आग, दुसरं दाबलं की सुधारणा."

"आणि मालक?"

त्यांनी मोबाइलच्या स्क्रीनवर बोट फिरवलं. "सुटले वाटतं."

मॉडेल मी मन लावून केलं. आतून लाल दिवे, खाली छोटा पंखा, त्यावर फडफडणाऱ्या केशरी कागदाच्या पट्ट्या. पुठ्ठ्याच्या इवल्या पोरी कापल्या. दार केलं आणि चारही बाजूंनी गोंद भरून पक्कं चिकटवून टाकलं. टेबलांखाली खऱ्या कापडाचे तुकडे हवेत, असा मॅडमचा हट्ट होता. मी म्हटलं, ते तर घरचंच काम आहे.

माझी दीपाली धायरीत शिवायला जाते. आम्ही राहतोही तिथंच. हार्डवेअरच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर सुदर्शनशेठचं युनिट आहे, म्हणजे होतं. तयार नऊवाऱ्या शिवतात. परकरासारख्या पाय घालून चढवायच्या, नाडी बांधली की झाली नऊवारी. लग्नात मिरवणाऱ्या मुलींना नेसता येत नाही आणि नटायचं तर असतं, त्यामुळे मागणी भरपूर.

दीपाली तीन वर्षांपूर्वी नवऱ्याला सोडून आली. सोडून आली म्हणजे मी जाऊन आणली. तो कामावर जाताना तिला घरात ठेवून बाहेरून कुलूप लावायचा. मारायचा नाही, शिवी द्यायचा नाही, फक्त कुलूप लावायचा. तिनं दोन वर्षं मला सांगितलं नाही. फोनवर म्हणायची, मी मजेत आहे. आल्यावर ती भिंतीकडं तोंड करून जी पडली, ती किती दिवस उठलीच नाही. भाजी कुठली करू विचारलं तरी उत्तर नाही. मग शेजारणीनं तिला सुदर्शनशेठकडं नेलं आणि मशीनवर बसवलं. हळूहळू पोर माणसात आली. संध्याकाळी येऊन युनिटमधल्या गमती सांगायला लागली, माझ्या चहाला नावं ठेवायला लागली. त्या शिलाई मशीननं अमेरिकेचं काय केलं ते मला ठाऊक नाही, पण माझी लेक मला परत दिली.

तर मी चिंध्या आणायला दुपारची युनिटवर गेले. याआधी कधी वर गेले नव्हते. अरुंद जिना, एकच. वर लोखंडी चॅनेल गेट, आणि त्याला बाहेरून कुलूप.

आत मशीनं चालू होती. बायका शिवत होत्या. दीपाली मला बघून हसत गेटपाशी आली.

"किल्ली कुठंय?" मी विचारलं.

"शेठकडे. ते रविवार पेठेत गेलेत, कापड आणायला. थांब, मी अशाच देते."

चिंध्यांची पिशवी फुगलेली होती, गजांतून येईना. मग ती मुठीमुठीनं देत राहिली. जांभळ्या, हिरव्या, मोरपंखी, जरीच्या काठाच्या. तिची बोटं गजांतून बाहेर यायची आणि माझ्या पिशवीत चिंध्या टाकून आत जायची. तिच्या मागं टेबलांखाली तशाच चिंध्यांचे ढीग होते, शेजारी वाफेची इस्त्री, वर एकाला एक जोडलेल्या वायरी. मी हेच सगळं आठवडाभर पुठ्ठ्यात करत होते.

"आणि लागलं म्हणजे?"

"काय लागलं म्हणजे?"

"आग."

ती मोकळेपणानं हसली. "आई, तुझ्या डोक्यात ती अमेरिका बसलीय."

संध्याकाळी घरी मी विषय काढला. आमच्याकडं भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे आणि तिच्याखाली आमच्या यांचा, संभाजींचा, फोटो. हे पिंपरीला कारखान्यात होते, युनियनचं काम करायचे. बाबासाहेब मजूरमंत्री असताना कामाचे आठ तास कसे झाले, हे त्यांनी दीपालीला ती पाळण्यात असल्यापासून ऐकवलेलं. त्यांच्या लेकीनं कुलपात काम करावं!

"त्याला कारण आहे, आई," दीपाली म्हणाली.

"कुलपाला कसलं कारण? अमेरिकेतल्या त्या मालकालाही कारण होतंच."

"अगं, ऐकून तर घे."

"तुझ्या नवऱ्यालाही कारण होतं," मी म्हटलं.

ताटातली भाकरी तिनं तशीच ठेवली. मला वाटलं, आपण बरोबर बोललो म्हणून तिच्याकडं उत्तर नाही.

दुसऱ्या दिवशी मी सरकारी ऑफिसात गेले. हेलपाटे पडतील, उद्या या म्हणतील, म्हणून डबा घेऊनच गेले होते. पण तिथल्या तरुण साहेबांनी मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मोबाइलमधले मॉडेलचे फोटोसुद्धा पाहिले.

"अमेरिकेत कशाला जाता, मावशी?" ते म्हणाले. "आपल्याकडंही हा कायदा आहे. सत्तरएक वर्षं झाली. दार बाहेर उघडलं पाहिजे, कामाच्या वेळात कुलूप नको."

"मग?"

"मग काय, कुणी सांगायला येत नाही. तुम्ही आलात. बघतो."

आणि त्यांनी खरंच बघितलं. सरकारनं माझं जन्मात एकदाच ऐकलं आणि ते नेमकं तेव्हा.

प्रदर्शनाच्या दिवशी मॅडमनी मला खराडीला बोलावलं होतं, पंखा अडकला तर जवळ कुणी असावं म्हणून. कुणी विचारलं तर नातेवाईक म्हणून सांगायचं होतं. मी चांगली साडी नेसून नातेवाईक होऊन उभी राहिले. शाळेचा हॉल थंडगार होता. माझा दिवा, माझा टेलिफोन, माझी लिफ्ट वेगवेगळ्या मुलांपुढं मांडलेली होती. मॅडमच्या मुलीनं बटण दाबलं. लाल उजेड पडला, पट्ट्या फडफडल्या, एक बाई "ओ माय गॉड" म्हणाल्या. मुलीनं इंग्रजीतून सगळं घडाघडा म्हटलं आणि शेवटी हात वर करून म्हणाली, की त्या दिवसानंतर कुणालाही बंद दारामागं काम करावं लागलं नाही. एवढं इंग्रजी मला कळतं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मला भरून आलं होतं. वाटत होतं, पोरी, तू नुसतं पाठ म्हणतेस, मी धायरीत करून आले. पहिलं बक्षीस मिळालं.

बसनं घरी आले तर दार नुसतं लोटलेलं. भर दुपारी दीपाली घरात होती. भिंतीकडं तोंड करून पडली होती.

सकाळीच साहेब आले होते. गेट, वायरी, एकच जिना, सगळं पाहिलं आणि दुसरा जिना होईपर्यंत युनिट बंद करायला सांगितलं. बायकांना खाली उतरवलं. अर्ध्या शिवलेल्या नऊवाऱ्या मशीनवर तशाच राहिल्या.

"चार दिवसांनी चालू होईल गं," मी म्हटलं. "जिना करतील."

"जागा आहे का तिथं जिना करायला?" ती भिंतीशी बोलली.

चार दिवस गेले, मग आणखी गेले. मी भाजी कुठली करू विचारायची. उत्तर यायचं नाही. रागावून बोलली असती तर बरं वाटलं असतं.

एका सकाळी मुक्ताई आली. दीपालीच्या शेजारच्या मशीनवर बसायची ती. पदर डोक्यावरून पुढं ओढलेला होता. मी चहा ठेवला. तिनं कप उचलला तेव्हा पदर सरला आणि डावा डोळा दिसला. पुरता मिटलेला, काळानिळा.

"दीपाली बरी हाय का, ते बघाया आले," ती म्हणाली.

"हे काय झालं?"

"हे नेहमीचंच हाय, मावशी. घरी असले की व्हतं." मग तिनं अगदी साध्या आवाजात सांगितलं. गेल्या वर्षी तिचा नवरा पिऊन युनिटवर चढला होता. भरल्या मशीनवरून तिला केसाला धरून ओढलं आणि जिन्यापर्यंत फरफटत नेलं. सगळ्या बायका बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी बायकांनीच सुदर्शनशेठला गळ घातली, की दिवसभर गेटला कुलूप लावा. आतून लावून भागलं नसतं, कारण तो बाहेर उभा राहून रडायला लागला की हीच उठून उघडायची. म्हणून कुलूप बाहेरून आणि किल्ली शेठकडे. "तेवढे सात-आठ तास माझे व्हते," मुक्ताई म्हणाली. "कुणी हात लावत नव्हतं."

मी दीपालीकडं वळले. "मला सांगायचं तरी..."

"मी सांगत होते," दीपाली भिंतीकडून म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "तू मला म्हणालीस, तुझ्या नवऱ्यालाही कारण होतं. आई, त्याचं कुलूप मी बाहेर पडू नये म्हणून होतं. हे आम्ही मागून घेतलं होतं. मला तिथं बसलं की भीती वाटायची नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुलूप बघून बरं वाटत होतं."

मुक्ताईनं उरलेला चहा संपवला, कप विसळून ठेवला. जाताना म्हणाली, "तुमी चांगल्यासाठीच केलं, मावशी."

त्यानंतर दीपालीच्या नवऱ्याचे फोन यायला लागले. युनिट बंद पडल्याचं त्याला कुठून कळलं कोण जाणे. आधी ती उचलायची नाही. मग उचलायला लागली. एकदा मी भाकऱ्या थापत असताना ती म्हणाली, "तो म्हणतोय, आता तसं करणार नाही." पीठ माझ्या हातातच राहिलं. मला तिच्या नवऱ्याच्या घराबाहेरचं कुलूप दिसायला लागलं. मी तिला काय सांगणार होते? माझं ऐकून काय होतं ते तिनं पाहिलं होतं.

मी सुदर्शनशेठला शोधायला निघाले. हार्डवेअरच्या दुकानात विचारलं तर म्हणाले, मशीनं नऱ्ह्याला हलवलीत. गेले. एका इमारतीच्या तळघरात, पार्किंगच्या मागं भिंत घालून केलेली खोली. उतरायला एक जिना, तोही धायरीच्यापेक्षा अरुंद, आणि खाली तसंच चॅनेल गेट. खिडकी नाही. कोपऱ्यात हवा बाहेर टाकणारा एक पंखा घरघरत होता. पाटी नव्हती. धायरीच्या जागेला निदान रस्त्यावरची खिडकी होती.

शेठ मला बघून उठले. मला वाटलं होतं शिव्या देतील.

"या मावशी, बसा. तुमचं काय चुकलं न्हाई. कायदा तुमच्या बाजूनं हाय. पण दुसरा जिना काढाया मी जागा आणू कुठनं? जागा माझी हाय का? मालक म्हनतो, न्हाई जमत तर खाली करा. केली खाली." त्यांनी कपाळ पुसलं. "इथं बी बायका याया तयार न्हाईत. कुलूप पायजेच म्हंत्यात. आन् मी लावत न्हाई. उद्या काय झालं तर माझ्या गळ्यात यायचं. तुमीच शिकवलंय मला."

आता मी जे बोलले ते बोलताना मला माझाच आवाज ओळखू येत नव्हता.

"लावा कुलूप," मी म्हटलं. "मी पाया पडते, पण लावा. दीपालीला आणते. मुक्ताईला आणते."

शेठनी खिशातली किल्ली काढून समोर ठेवली. मग म्हणाले, "एक करा. मला बाहेर जावं लागतं, किल्ली घिऊन मी हिंडतो, त्ये बरोबर न्हाई, त्ये मलाबी कळतं. तुमी इथं दाराशी बसा. तुमचं पुठ्ठ्याचं काम इथंच करा. किल्ली तुमच्यापाशी. काय झालं तर तुमी हायच की उघडायला."

शनिवार पेठेतली जागा मी सोडली. दुकानदार म्हणाला, "चांगलं चाललेलं सोडून कुठं निघालात?" मी म्हटलं, "वॉचमनची नोकरी लागली." तो हसला. पुण्यात खरं सांगितलं की लोक हसतात.

आता मी रोज सकाळी दीपालीबरोबर नऱ्ह्याला जाते. बायका एकेक करून आत जातात. मुक्ताई जाते. दीपाली जाते, जाताना माझा डबा माझ्याजवळ ठेवते. मग मी गेट ओढते आणि कुलूप लावते. माझ्या लेकीला मी माझ्या हातानं कुलपात घालते आणि बाहेर स्टूल टाकून बसते. ती आता संध्याकाळी गमती सांगते. नवऱ्याचे फोन पुन्हा उचलत नाही. माझ्या चहाला नावं ठेवते. यावर मी रडायचं की हसायचं, ते कुणी मला सांगावं.

पहिल्या आठवड्यात मुक्ताईचा नवरा आला. अर्ध्या जिन्यावर उभा राहिला. मी किल्ली पोलक्यात घातली आणि कटर हातात घेतला. त्यानं कुलपाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, तिला हाक मारून थोडा वेळ रडला आणि निघून गेला. आतून एकही मशीन थांबलं नाही. म्हणजे कुलूप चांगलं काम करतं. मला ते चुकीचंही म्हणता येत नाही.

पण मला भीती वाटते. पाणी प्यायची भीती वाटते, कारण मग लघवीला वर जावं लागतं. जाताना किल्ली न्यावी की ठेवावी कळत नाही. ठेवली तर कुणाजवळ? पंख्याची घरघर बदलली की मी हवा हुंगते. इस्त्रीचा वास आला की उठून उभी राहते. चिंध्या मी रोज भरून वर नेते, तरी संध्याकाळपर्यंत पुन्हा तेवढ्याच होतात. साहेबांकडं परत जावं असं कितीदा मनात येतं, पण मग ही जागाही बंद होईल आणि पुढची कुठं असेल, ते माझ्यानं मनात आणवत नाही.

गेल्या आठवड्यात वल्लरीमॅडमचा फोन आला. शाळेला मॉडेल फार आवडलंय, प्रवेशदाराशी काचेत कायमचं ठेवणार आहेत. फक्त लहान मुलं घाबरतात.

"आग काढून टाका, मावशी. आणि ते दार उघडं करा. बाहेरच्या बाजूला उघडणारं. म्हणजे पॉझिटिव्ह वाटेल."

ड्रायव्हर मॉडेल नऱ्ह्याला आणून देऊन गेला. मी ते मांडीवर घेऊन बसले. लाल दिवे काढले, पट्ट्या काढल्या. दाराच्या कडेचा गोंद कटरनं खरवडला. मीच भरलेला, निघता निघेना. मग दीपालीच्या मशीनवरच्या एका मोरपंखी चिंधीची बारीक पट्टी कापली आणि तिची बिजागरी करून दार बसवलं. बोटानं नुसतं टेकलं तरी दार बाहेर उघडायचं. इतकं चांगलं दार मी कधी केलं नव्हतं. माझ्या पाठीला गेटचे गज लागत होते.

काल दुपारी मला राहवलं नाही. मॅडमनी वाचून दाखवलेलं आठवत होतं, की धुरात दिसत नाही. मी मॉडेल बाजूला ठेवलं, उठले आणि डोळे गच्च मिटून घेतले. पोलक्यातून किल्ली काढली. कुलूप चाचपलं, सापडलं. भोक सापडेना. बोटं फिरवली, पण त्या भाजक्या टोकांना भोक कुठं आणि लोखंड कुठं काही समजेना. अंदाजानं किल्ली लावली, गेली नाही. उलटी करून लावली. मग सुलटी कुठली आणि उलटी कुठली तेच कळेनासं झालं. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला. मी घाई करायला गेले आणि किल्ली हातातून निसटून पायरीवर खणकन पडली.

आत एक मशीन थांबलं.

"आई?" दीपालीचा आवाज आला. "काय झालं गं?"

मी डोळे उघडले नव्हते. गुडघ्यांवर बसून पायरी चाचपत होते. हाताला नुसती फरशी लागत होती.

"काही नाही," मी म्हटलं. "तू शिव."